ड्रायसूटच्या आतली ऊब

"…आणि थंडी वाजलीच, तर?" नारोबांनी विचारलं.

"वाजणार नाही," जयवंत म्हणाला.

"पण वाजली तर?"

"बाबा, ह्यात थंडी वाजूच शकत नाही. हात तरी लावून बघा."

त्याने बाजेवर पसरलेला, पाणबुड्याच्या ड्रायसूटच्या आत घालायचा पोशाख पुढे केला. गळ्यापासून घोट्यापर्यंत एकसंध, रजईसारखे टाके घातलेला, निळाशार, नवा कोरा. परदेशातून मागवलेला. आला त्या दिवसापासून जयवंत तो उशाशी घेऊन झोपत होता.

नारोबांनी हात लावला नाही. चहाचा पेला ओंजळीत धरून ते तळ्याकडे बघत बसले.

तळं हिमालयातल्या एका उंच खोऱ्यातलं. भोवती देवदार, वर बर्फ. पाणी इतकं गार, की हात बुडवला तर आतली हाडं मोजता यावीत.

त्या तळ्याकाठी दगडी खोपीत नारोबा तांडेल राहत. मूळचे कोकणातले. जन्मभर पाण्याखाली काम केलेले. आधी गोदीत जहाजांच्या बुडांवर, मग धरणांच्या दारांवर. म्हातारपण आलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता गावी जातील. ते इथंच राहिले. गार पाण्यात उतरायचं कसं, हे शिकायला लांबलांबचे पाणबुडे त्यांच्याकडे येत. खोऱ्यातली माणसं त्यांना समुंदर बाबा म्हणत.

जयवंत कोळंबकर त्यांच्याच किनाऱ्यावरचा. मिसरूड फुटायच्या आधीपासून खडकांत अडकलेले होड्यांचे नांगर तो उघड्या अंगाने सोडवून आणायचा. त्याच्या वाडीतला कुणीही बर्फाच्या पाण्यात उतरला नव्हता. उतरणारा पहिला तो. ही गोष्ट तो विसरत नसे आणि दुसऱ्यालाही विसरू देत नसे.

आज काम होतं.

तळ्याच्या तळाशी एक लोखंडी जाळी होती. तिच्यातून पाणी मोठ्या नळात शिरायचं आणि नळ डोंगर उतरून गावच्या छोट्या वीजघरात जायचा. गेल्या वादळात मोडलेल्या झाडांचे ओंडके वाहत येऊन त्या जाळीवर बसले होते. वीजघर बंद पडलं होतं. आता कुठल्याही पहाटे तळ्यावर बर्फ धरलं असतं, आणि मग उन्हाळ्यापर्यंत खाली जाणं नाही. जाळी आज मोकळी झाली नाही, तर अख्खं खोरं हिवाळाभर अंधारात.

कोण उतरणार, हे नारोबा ठरवणार होते.

जयवंताच्या लेखी ते ठरलेलंच होतं.

"बाबा, विचारा ना काय विचारायचं ते," तो म्हणाला. "मला सगळं येतं."

"येतं ना?"

"येतं."

नारोबांनी चहाचा घोट घेतला.

"ड्रायसूट कशाला घालायचा?"

"पाणी आत येऊ नये म्हणून."

"मग आत आणखी कपडे कशाला?"

"पाणी येत नाही, पण थंडी येते. सूट नुसता रबराचा. तो थंडीला अडवत नाही."

"सुती बनियन चालेल?"

"अजिबात नाही. सूत घाम पितं आणि धरून ठेवतं. अंगाला लागून लोकर. तिच्यावर हा जाड थर."

"हं… ऊब कुठं असते?"

जयवंत हसला. हे तर पहिल्या दिवशीचं होतं.

"कापडात नसते. कापडात जी हवा अडकते, तिच्यात असते."

नारोबांनी तेव्हा कुठे पेला खाली ठेवला. निळ्या पोशाखावर तळहात टेकवला आणि जोराने दाबला. फुगीर रजई चपटी झाली.

"आता कुठं आहे?"

"…गेली."

नारोबांनी हात उचलला. रजई पुन्हा हळूहळू फुगली.

"आता?"

"आली."

"आणि ती हवा तापवतं कोण?"

जयवंताने वर पाहिलं. हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"मीच," तो म्हणाला.

"हं," नारोबा म्हणाले, आणि पुन्हा तळ्याकडे बघायला लागले.

*

खोपीच्या सावलीत, भिंतीला टेकून, साजिद मुकादम बसला होता. तोही कोकणातला, खाडीकाठचा. जयवंताच्या आधी वर्षभर आलेला. अंगात लोकरीचा एक जुनाट करडा जोड, कोपरावर रफू केलेला. वर काही नाही. वारा सुटला की त्याचे दात वाजत.

"साजिद, वर काहीतरी घे की," जयवंत म्हणाला. "तळ्यात न जाताच गारठशील."

"असू दे."

"माझा मधला पातळ जोड देऊ? मला काही तो लागणार नाही."

"तुझं तू बघ, जया. आज तुझी वरात आहे."

जयवंताने तीन जोड आणले होते. लोकरीचा एक, मधला पातळ एक आणि हा निळा. त्याने विचार केला, एवढं आणलंय तर सगळंच का नको? लोकर चढवली. तिच्यावर पातळ जोड. त्यावर निळा. वरून सूट ओढताना त्याला धाप लागली.

साजिद बघत होता.

"काय रे?" जयवंताने विचारलं.

"काही नाही. मामा गावाला निघाले की अशीच वळकटी बांधायचे."

"हस तू."

नारोबा जवळ आले. त्यांनी जयवंताला आपादमस्तक पाहिलं.

"पाठीवरच्या सिलिंडरची झडप कुठं असते?"

"मानेमागे."

"लाव बघू हात."

जयवंताने हात वर केला. अर्ध्यावर अडकला. त्याने दुसऱ्या हाताने कोपर ढकललं. तरी बोटं कानापर्यंतच पोचली.

"खाली बस."

तो बसायला गेला आणि कलंडला. साजिद पोट धरून हसला. जयवंतालाही हसू आलं, पण ते त्याने गिळलं.

"हवा राहिली का रे आत, जागाच नाही तर?" नारोबांनी विचारलं.

जयवंत मुकाट्याने आत गेला. मधला जोड काढून टाकला. लोकर आणि त्यावर निळा, एवढंच ठेवलं. बाहेर येऊन हात मानेमागे नेला. पोचला. उकिडवा बसला. उठला. दोन्ही हात आकाशाकडे ताणले.

"आता?" त्याने विचारलं.

"आता बरोबर."

बाबांच्या तोंडून बरोबर हा शब्द सहज निघत नसे. जयवंताची छाती सुटाच्या आत फुगली.

"मग मी उतरू?"

"ऊन कलू दे. नळाचं खालचं दार बंद झाल्याचा निरोप येऊ दे, म्हणजे जाळी ओढणार नाही. मग बघू." नारोबा खोपीत जायला वळले. "तोवर बस."

*

जयवंत बसला नाही.

गाव वर येत होतं. गावचे प्रधान नेगीजी पुढे, मागे बाया, म्हातारे, पाठीवर पोरं घेतलेल्या आया. तळ्यात माणूस उतरणार ही खबर खोऱ्यात पसरली होती. ती सगळी माणसं काठावर उभी राहिली आणि जयवंताकडे बघायला लागली.

साजिद सावलीत होता. त्याच्याकडे कोण बघणार?

जयवंताने पाठीची झिप बंद करून घेतली. ती आपली आपल्याला लावता येत नाही. त्याने ती नेगीजींना लावायला सांगितली. नेगीजींनी ती देवळातलं काम असल्यासारखी दोन्ही हातांनी हळूच ओढली.

मग जयवंत काठावरच्या मोठ्या खडकावर चढला. तिथे ऊन होतं. उंचावरचं ऊन, कातडी सोलणारं. काळा सूट झळाळत होता. एक म्हातारी पुढे आली. तिने सुटाच्या बाहीला बोट लावून पाहिलं.

"बेटा, ठंड नहीं लगेगी?"

"माँजी, ठंड को मुझसे लगेगी," जयवंत म्हणाला.

माणसं हसली. त्याला बरं वाटलं.

सिलिंडर खोपीपाशी होते. दोघेजण उचलायला धावले. त्याने त्यांना थांबवलं. एकेक करून स्वतः खांद्यावरून खडकापर्यंत आणले. शिशाच्या वजनांचा पट्टा आणला. दोर आणला. नेगीजींना जाळी कुठे आहे, नळ कुठून जातो, ओंडका कसा काढायचा, सगळं हातवारे करून समजावलं. ते नेगीजींना त्याच्या जन्माआधीपासून ठाऊक होतं. त्यांनी मान डोलावली.

त्याला आपली वाडी आठवत होती. आई किनाऱ्यावर मासे सुकवत असेल. तिला कुणीतरी सांगेल, तुझ्या जयाने डोंगरातल्या गावाला उजेड दिला.

त्याला घाम आला होता. ते त्याला कळलं नाही.

किनाऱ्यावरच्या माणसाला घाम कळत नाही. तो तिथे जन्मतो तेव्हापासून घाम त्याच्या अंगावर असतो. सदऱ्यासारखा. कुणी विचारलं तर तो म्हणेल, मी कोरडा आहे.

*

ऊन कललं. खालचं दार बंद झाल्याचा निरोप आला. नारोबा खोपीतून बाहेर आले. गर्दीने वाट दिली.

"चला बाबा," जयवंत खडकावरून उतरत म्हणाला. "मी तयार आहे."

"वळ."

तो वळला. त्याला वाटलं, बाबा झिप नीट लागली आहे का ते बघताहेत.

नारोबांनी झिप उघडली. हात आत घातला, दोन खांद्यांच्या मध्ये. थोडा वेळ तिथेच ठेवला. लेकराला ताप आहे का, हे बघतात तसा.

मग हात बाहेर काढून त्यांनी जयवंताच्या तोंडासमोर धरला.

तळहात ओला होता.

"कुठून आलं हे पाणी?" नारोबांनी विचारलं.

जयवंत त्या तळहाताकडे बघत राहिला.

"सूट फाटलाय?"

"नाही."

"मग?"

"…घाम आहे, बाबा. पण थोडाच. पुसला की—"

"पाण्यात जाऊन आलास तू," नारोबा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "एका दिवसात दोनदा कशाला?"

गर्दीत कुणाला मराठी कळत नव्हती, पण काय चाललंय ते सगळ्यांना कळलं.

"बाबा," जयवंत हलक्या आवाजात म्हणाला, "सगळं गाव बघतंय."

"हो. मघापासून."

"ओली लोकर पण ऊब धरते. तुम्हीच शिकवलंत."

"धरते. थोडी. काठावर बसायला पुरे." नारोबांनी मान वळवली. "साजिद."

साजिद सावलीतून उठून आला. ओठ काळसर, अंगावर काटा.

"झिला, काय घालशील?"

"हीच लोकर, बाबा. वर तो जुना भरीव कोट. खाली हालचाल आहे, तेवढ्याने निभेल."

"कितपत निभेल?"

साजिदने पाण्याकडे पाहिलं. "थोडाच वेळ. मला थंडी लवकर लागते. तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. जा."

मग नारोबांनी खडकावरचा दोर उचलला. त्याचं एक टोक साजिदच्या कमरेला जायचं होतं. दुसरं टोक त्यांनी जयवंताच्या हातात दिलं.

आजवर ते टोक फक्त नारोबा धरत.

जयवंताला ते कळलं नाही. त्याला एवढंच कळलं, की आपल्याला काठावर ठेवलं.

साजिदची झिप त्यानेच लावली. लावताना बोटं कोटाच्या गळ्यातून आतल्या लोकरीला लागली. गार होती. आणि खडखडीत कोरडी.

"मुद्दाम काकडत बसला होतास," जयवंत म्हणाला.

"मग काय हौस म्हणून?" साजिदने मुखवटा डोळ्यांवर घेतला. "गेल्या साली तुझ्यासारखाच नटलो होतो. बाबांनी उतरू दिलं होतं. परत विचारू नकोस त्याबद्दल."

आणि तो पाण्यात गेला. पाण्याने त्याच्यावर दार लावून घेतलं.

*

दोराची भाषा सोपी असते. काठावरून एक झटका, म्हणजे ठीक आहेस का? खालून एक झटका, म्हणजे ठीक आहे. काठावरून तीन, म्हणजे वर ये. वर ये म्हटलं की यायचं. त्यावर वाद नाही.

जयवंत दोर धरून उभा होता. मनात आग होती. लोक आता त्याच्याकडे बघत नव्हते. पाण्यावर येणाऱ्या बुडबुड्यांकडे बघत होते.

त्याने झटका दिला. खालून लगेच उत्तर आलं.

एक ओंडका वर आला, मग दुसरा. गाव ओरडलं. माणसांनी गळ टाकून ते काठाला ओढले.

जयवंताने झटका दिला. उत्तर आलं.

त्याच्या पाठीवरचा घाम आता गार झाला होता. सुटाच्या आत, निळ्या रजईखाली, बर्फाची पट्टी ठेवल्यासारखा. तो काठावर होता, वारा साधाच होता, तरी त्याला हुडहुडी भरली.

तेव्हा त्याच्या मनातली आग थोडी विझली. ह्या पाठीने मी खाली गेलो असतो… त्याने विचार पुरा केला नाही.

आणखी एक ओंडका आला. गाव पुन्हा ओरडलं.

झटका दिला.

उत्तर आलं. पण मध्ये एक श्वास जाईल इतका उशीर झाला.

जयवंताने दोर बोटांत नीट घेतला. आता तो बुडबुड्यांकडे बघत नव्हता. डोळे मिटून नुसता दोर ऐकत होता. पुन्हा झटका दिला.

उत्तर आलं. आणखी उशिरा. आणि ढिलं, झोपेतल्या माणसाने हुं म्हणावं तसं.

"बाबा," तो म्हणाला.

नारोबा मागे दगडावर बसले होते. पाठ तळ्याकडे, तोंड डोंगराकडे.

"बाबा, उत्तर उशिरा येतंय."

"हं."

"बोलवू का वर?"

नारोबा वळले नाहीत.

"फक्त शेवटचा ओंडका राहिला असेल. आता बोलावलं तर… काम अर्धं राहील, बाबा. सगळं खोरं—"

"दोर माझ्या हातात आहे का?" नारोबांनी डोंगराला विचारलं.

जयवंताने तीन झटके दिले.

*

साजिद वर आला तेव्हा चिडलेला होता. चिडायलाही त्याला जड जात होतं. शब्द ओठांतून ओघळत होते.

"एकच… एकच राहिला होता, जया! हात लावला होता मी त्याला!"

"ठाऊक आहे."

"मग कशाला ओढलंस? मी ठीक… होतो."

"तुझा हात दाखव."

साजिदने हात पुढे केला. बोटं वळलेली होती. ती उघडायला सांगितली, तर उघडेनात. त्याने स्वतःच्याच बोटांकडे परक्याच्या वस्तूकडे बघावं तसं पाहिलं.

"अरे…" तो म्हणाला.

जयवंताने त्याला खोपीत नेलं. सूट उतरवला, चुलीपाशी बसवलं, घोंगडीत गुंडाळलं, चहाचा पेला त्याच्या तोंडाशी धरला. घोट घेऊन साजिदने डोळे मिटले.

"तू खाली गेला असतास," तो म्हणाला, "आणि दोर माझ्याकडे असता… मी नसतं बोलावलं रे. वाटलं असतं, जया आहे, करेल."

जयवंताने पेला पुन्हा त्याच्या तोंडाशी धरला.

मग तो बाहेर आला. वारा वाढला होता. गाव उतरत होतं. काम राहिलं असं लोकांनी समजून घेतलं होतं. नेगीजी तेवढे म्हणाले, "कोई बात नहीं, बाबा," आणि खालच्या दारापाशी जायला निघाले; लाल फडकं दिसल्याशिवाय दार उघडायचं नाही, हे ठरलेलं होतं. ती म्हातारी सगळ्यात शेवटी गेली.

जयवंत खोपीच्या मागे गेला. तिथे ऊन नव्हतं, माणूस नव्हता. त्याने सूट काढला, निळा पोशाख काढला, ओली लोकर काढली. पंच्याने अंग खसाखसा पुसलं. मग तसाच वाऱ्यात उभा राहिला. अंगावर काटा आला, दात वाजले, तरी उभा राहिला. पाठ कोरडी झाली आहे असं वाटल्यावर हात मागे नेऊन खात्री करून घेतली. आयुष्यात पहिल्यांदा तो स्वतःचा घाम शोधत होता.

निळ्या पोशाखाच्या पाठीला ओल होती. तो त्याने दगडावर वाळत टाकला.

नारोबांची जास्तीची लोकर खुंटीवर होती. ती विचारून घेतली. वर आपला मधला पातळ जोड. सकाळी साजिदला देऊ केला होता तोच.

तो पुढच्या बाजूला आला. साजिद घोंगडीत दारापर्यंत आला होता. चहाने त्याची बोटं मोकळी झाली होती. त्याने जयवंताची झिप लावली, आणि दोर त्याच्या कमरेला बांधला.

नारोबांनी दोराचं टोक उचललं.

"काय घातलंस?" त्यांनी विचारलं.

"पुरेसं," जयवंत म्हणाला.

बाबांनी आत हात घातला नाही.

*

खाली अंधुक हिरवं होतं.

थंडी आधी ओठांना लागली, मग बोटांना. अंगाला ती बाहेरून चाचपत होती, दाराची कडी शोधावी तशी. जयवंताने सुटात थोडी हवा सोडली. पातळ जोड अंगावर फुगला. त्याने श्वास हळू केला. घाई केली तर घाम, घाम आला तर थंडी. एवढं एकच वाक्य तो मनात धरून होता.

आपण उतरलोय हे कुणी बघत नाही, हेही त्याच्या मनात आलं. थोडं वाईट वाटलं. पण लोखंडी जाळी समोर दिसली आणि ते मागे राहिलं.

शेवटचा ओंडका देवदाराचा होता, जाळीच्या गजांत फांदीने अडकलेला. साजिदने तो बराच सैल केला होता. जयवंताने ढकलून पाहिला. हलला नाही. खालून खांदा लावला. नांगर सोडवताना लावायचा तसा. जोर नाही करायचा, कल ओळखायचा. ओंडका एकदा कुरकुरला, फिरला, आणि त्याच्या डोक्यावरून शांतपणे वर निघून गेला.

वरून झटका आला. त्याने लगेच उत्तर दिलं.

जाळी मोकळी होती. तिच्यावरून त्याने हात फिरवला. एका कोपऱ्यात हात थांबला. तिथे त्याने थोडा वेळ घालवला. मग वर निघाला.

*

काठावर दोघंच होते.

साजिदने हात देऊन त्याला ओढून घेतलं.

"टाळ्या वाजवायला मीच आहे रे," तो म्हणाला. "सगळे गेले."

"वाजव मग."

साजिदने घोंगडीतून हात काढून खरंच टाळ्या वाजवल्या.

नारोबांनी खोपीवरचं लाल फडकं हलवलं. खाली नेगीजींना दिसलं असावं. थोड्या वेळाने डोंगराच्या पोटात घरघर झाली. नळ भरत होता. मग खाली, संधिप्रकाशात, एक दिवा लागला. मग एका ओळीत दिवेच दिवे. खोऱ्यातून आरोळी उठली. ती कुणासाठी आहे, हे ओरडणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं.

जयवंत ती आरोळी ऐकत दगडावर बसून राहिला. सूट निथळत होता. तो खडकावर चढला नाही.

"जाळी कशी आहे?" शेवटी नारोबांनी विचारलं.

"गज चांगले आहेत, बाबा. पण डाव्या हाताचं खालचं बिजागर गेलंय. हलतं. बर्फ धरायच्या आत कुणीतरी जाणत्याने बघायला हवं."

"ते बिजागर मी बसवलेलं."

"असं?"

"हं. तेव्हा केस काळे होते."

नारोबा पाण्याकडे बघत होते. जयवंत इथे आल्यापासून त्यांनी पाण्यात घोट्यापलीकडे पाय घातला नव्हता. साजिदनेही त्यांना उतरताना कधी पाहिलं नव्हतं.

"उद्या मी जातो," ते म्हणाले.

साजिदने चमकून मान वर केली. जयवंत उठून उभा राहिला.

"बाबा… तुम्ही?"

"मी."

"पाणी फार गार आहे."

"आहे खरं."

"आणि दोर?… दोर कोण धरणार?"

हे विचारण्यासारखं काय आहे, अशा चेहऱ्याने नारोबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग ते बाजेवर टेकले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, आणि शिकायला बसलेल्या माणसासारखे मान वर करून म्हणाले,

"आत काय घालू, तेवढं सांग."